कामाच्या वाटणीत दिसणाऱ्या भेदभावाच्या पहिल्या खुणा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत फेटलिंगला कोण बसतं, हे महिनाभर पाहिलं तर त्या कारखान्याबद्दल पुष्कळ कळतं. ओतून थंड झालेल्या कास्टिंगवरचे रायझर, म्हणजे ओतताना राहिलेले जादा धातूचे तुकडे, तोडायचे, कडा घासायच्या, ग्राइंडर धरून आठ तास वाळूची आणि लोखंडाची धूळ अंगावर घ्यायची, असं ते काम. कुणीतरी करायलाच हवं, आणि आळीपाळीनं सगळ्यांनी केलं तर कुणाची तक्रार नसते. पण वर्षभर त्याच चौघांच्या हातात ग्राइंडर असेल आणि ते चौघं एकाच भाषेचे, एकाच वस्तीतले किंवा एकाच ठेकेदाराचे असतील, तर कुणी कुणाला वाकडा शब्द बोललेलं नसलं तरी शंका घ्यायला जागा आहे.

सीमाभागात भेदभाव म्हटला की बोलणं लगेच पाट्यांच्या भाषेवर, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिवसावर आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या दाव्यावर जातं. ते विषय मोठे आहेत आणि त्यातलं दुःख खरं आहे. पण त्यामुळे आपल्याला एक सवय लागली आहे. कुणीतरी तोंडावर "तू मराठी आहेस म्हणून देत नाही" असं म्हटलं, तरच भेदभाव झाला असं आपण धरतो. असं कुणी म्हणत नाही. पुष्कळदा भेदभाव करणाऱ्यालाही आपण काही वाईट करतोय असं वाटत नसतं. तो आपल्या ओळखीच्या, आपल्या भाषेच्या, आपल्या गल्लीतल्या माणसाला जरा जवळ करतो. बाकीच्यांच्या वाट्याला काय उरलं, ते तो मोजत नाही. ज्याच्या वाट्याला कमी येतं त्यालाच ते मोजावं लागतं, आणि मोजायचं कसं हे आधी शिकावं लागतं.

मशीन शॉपचं उदाहरण घेऊ, कारण तिथं हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. हेल्पर, ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर अशी ती चढण. सीएनसीवरचा, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवरचा, ऑपरेटर पीस लावतो, काढतो, माप घेतो. सेटर टूलचे ऑफसेट, म्हणजे मापातले फरक, मशीनला देतो, जॉबचा झीरो, म्हणजे मोजणीचा आरंभबिंदू, धरतो, नवा प्रोग्राम चालवून पहिला पीस पास करून घेतो. ऑपरेटरनं सेटर व्हायचं तर नुसत्या आयटीआयच्या वहीवर भागत नाही. कुणीतरी शेजारी उभं करून हात धरून दाखवावं लागतं. नवा जॉब लागतो त्या सकाळी सुपरवायझर कुणाला हाक मारतो, यावर ते ठरतं. एकाला दर वेळी "ये रे, बघ" म्हणायचं आणि दुसऱ्याला "तू त्या मशीनवर थांब, प्रॉडक्शन पडेल" म्हणायचं. दोन वर्षांनी सेटरची जागा निघते. पहिल्याला सेटिंग येतं, दुसऱ्याला येत नाही. बढतीचा निर्णय कागदावर अगदी बरोबर असतो, कुठल्याही अधिकाऱ्यापुढं टिकतो. चूक झाली ती दोन वर्षांपूर्वीच्या सकाळी, आणि ती कुठंच लिहिलेली नसते. म्हणून नाकारलेली बढती ही फार उशिराची खूण झाली. लवकरची खूण म्हणजे न मारलेली हाक. सलग तीन नव्या जॉबना, तुमची पाळी तीच असताना आणि तुमच्यापेक्षा नव्या माणसाला बोलावलेलं असताना तुम्हाला बोलावलं नाही, की तारीख लिहून ठेवायला सुरुवात करा.

माहितीची वाटणीही अशीच असते. पाळी बदलल्याचं एकाला आदल्या दिवशी दुपारी कळतं, दुसऱ्याला गेटवर आल्यावर. विभागाचा एक व्हॉट्सॲप गट सगळ्यांना माहीत असतो आणि दुसरा लहान गट असतो. खरं ठरतं ते त्या दुसऱ्या गटात. रजेचा नियम बदलला, ऑडिटवाले येणार आहेत, ग्राहकाची माणसं येणार आहेत, यातलं काय कुणाला किती आधी कळलं, ते पाहा. ज्याला शेवटी कळतं तो नेहमी गोंधळलेला दिसतो, आणि सहा महिन्यांनी त्याच्या मूल्यमापनात "जबाबदारी घेत नाही" असा शेरा पडतो.

इथं भाषेचा प्रश्न येतो आणि तो नीट सोडवायला हवा, नाहीतर खरी तक्रारही हलकी होते. बैठक कन्नडमध्ये झाली एवढ्यावरनं भेदभाव ठरत नाही. कन्नड ही राज्यभाषा आहे, हजर असलेल्या बहुतेकांची तीच भाषा असू शकते. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर, बँकेच्या काउंटरवर, बसच्या कंडक्टरला कन्नड यायलाच हवं, ही अट रास्त आहे. इंग्रजीतलं ड्रॉइंग वाचून व्हीएमसी (सीएनसीचाच एक प्रकार) चालवणाऱ्याला तीच अट घातली तर मात्र तीन गोष्टी विचाराव्यात. या कामात ती भाषा नेमकी कुठं लागते? हीच अट बिहार किंवा ओडिशातून आलेल्या कारागिराला लावली आहे काय? आणि ही अट जाहिरातीत, मुलाखतीत आधी सांगितली होती, की नकार देताना आठवली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त बोलतं. "कन्नड बरंगिल्लेन?" (कन्नड येत नाही काय?) हा प्रश्न कामाला लावताना कुणी विचारला नाही आणि पगारवाढीच्या वेळी पहिल्यांदा आला, तर तो भाषेबद्दलचा प्रश्न नव्हे.

जोडीला हेही सांगायला हवं की नोटीस वाचण्यापुरतं कन्नड येणं कामगाराच्या फायद्याचं आहे. त्यात मराठीपण कुठं जात नाही. नोटीस ज्याला वाचता येते त्याला फसवणं अवघड जातं. दुसऱ्या बाजूला, सूचना कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावी हा विचार आपल्या कामगार कायद्यात जुनाच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमानं कायद्याखालच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितलं होतं. मशीनच्या सुरक्षेची सूचना तुम्हाला वाचता येत नसेल तर "मला समजेल अशा भाषेत सांगा" असं लेखी मागणं हा आगाऊपणा ठरत नाही. बोट गेल्यावर ती सूचना कुणाच्या उपयोगाची नसते.

जातीची खूण बहुधा आडनावापासून सुरू होते. आपल्याकडं गावावरनं पडलेली आडनावं पुष्कळ, त्यामुळे नुसत्या आडनावावरनं जात कळत नाही, मग पुढचे प्रश्न येतात: गाव कुठलं, गल्ली कुठली, देव कुठला, शाळेला स्कॉलरशिप होती काय. हे प्रश्न ओळख वाढवायलाही विचारले जातात, त्यामुळे प्रश्नावर थांबू नका. उत्तर दिल्यानंतरच्या दोन आठवड्यांत काय बदललं ते पाहा. डबा खाताना गोल मोडला काय? पाण्याचा तांब्या आधी तुमच्याकडनं पुढं जायचा, आता वळसा घालून जातो काय? घरच्या कार्याचं आमंत्रण सगळ्या विभागाला आलं आणि तुमच्या टेबलाशी पत्रिका थांबली काय? स्टोअरच्या किल्ल्या, रोख रक्कम, मालकाच्या घरी जाण्याचं काम, हे विश्वासाचं समजलं जाणारं सगळं हळूहळू दुसऱ्याकडं गेलं काय? वेगळा पेला, वेगळी भांडी इथपर्यंत गोष्ट आली तर ती सूक्ष्म राहिलेली नसते. घटनेच्या १७ व्या कलमानं बंद केलेली अस्पृश्यता ती हीच, आणि त्याला १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा व १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतात. कौतुकाकडंही लक्ष असू द्या. "तुमच्यातला असून काम चांगलं करतोस" या वाक्यात पहिले दोन शब्द खरं काय ते सांगतात.

बायकांच्या बाबतीत पहिली खूण मुलाखतीतच दिसते. "लग्नानंतर चालू ठेवणार काय?" हा प्रश्न पुरुष उमेदवाराला येत नाही. कामावर लागल्यावर सारख्याच पदावरच्या दोघांपैकी बाईकडं चहा, रजिस्टर, पाहुण्यांचं स्वागत, वाढदिवसाची वर्गणी जाते, आणि साइटवर जाणं, ग्राहकाशी बोलणं पुरुषाकडं जातं. "राहू दे की ताई, तुम्हाला कशाला त्रास" हे मायेनं म्हटलेलं असतं, पण सहा महिने तो त्रास दिला नाही की अनुभवही मिळत नाही. गरोदरपण सांगितल्यानंतरचे तीस दिवस फार बारकाईनं पाहावेत. पाळी बदलणं, लांबच्या शाखेत बदली, अचानक कामात चुका निघणं, "विश्रांती घ्या, राजीनामा द्या, नंतर बघू" असा सल्ला, यातलं काहीही या दिवसांत आलं तर त्याचा त्या बातमीशी संबंध आहे असं धरून चाला. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेल्या बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि त्या काळात रजेवर आहे म्हणून कामावरनं काढणं बेकायदेशीर आहे. राजीनामा मात्र स्वतः लिहून दिला की हे सगळं हातचं जातं. म्हणून प्रेमानं मागितलेल्या राजीनाम्यावर त्या दिवशी सही करू नका. घरी विचारून सांगते म्हणा.

निपाणीच्या बिडी कामात आणि वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागांवर पगार नगावर असतो, म्हणून तिथं खुणा वेगळ्या. बिडीची मजुरी हजारावर ठरते. दर सगळ्यांना एकच, पण छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेली बिडी, किती काढली यात फरक पडतो. शेजारशेजारच्या दोघींची वळणी सारखी असून एकीची हजारामागं वीस आणि दुसरीची साठ बिडी छाट जात असेल, आणि हे आठवडाभर चाललं असेल, तर छाट काढणाऱ्याचा हात कुणावर जड पडतो ते दिसलं. पानं कमी देऊन बिड्या पूर्ण मागणं हा त्यातलाच प्रकार. कमी पडलेली पानं बाई स्वतःच्या पैशानं आणते आणि मजुरी न बोलता कमी होते. मागावर पाहायचं ते बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ. एक बीम संपल्यावर दुसरं किती तासांत चढतं, आणि सारखं तुटणारं सूत कुणाच्या मागावर येतं. रिकाम्या मागाचे पैसे नसतात, त्यामुळे दर समान ठेवूनही महिन्याची कमाई वेगळी करता येते.

कागदावरची खूण तपासायला सगळ्यात सोपी, आणि तिच्याकडंच सगळ्यात कमी लोक पाहतात. पगाराच्या चिठ्ठीवर पद काय लिहिलं आहे ते वाचा. कर्नाटकात किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल अशा वर्गवारीनं ठरतात. तीन वर्षं मशीन चालवणाऱ्याच्या चिठ्ठीवर "हेल्पर" असेल तर त्याचा पगार अकुशलाच्या दरानं निघतो, आणि पीएफही त्याच हिशोबानं. शेजारच्या मशीनवरच्याच्या चिठ्ठीवर "ऑपरेटर" असेल तर दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवा. बाई आणि पुरुष असा फरक असेल तर कायदा स्पष्ट आहे: आधी १९७६ च्या समान वेतन कायद्यानं आणि आता २०१९ च्या वेतन संहितेनं सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला वेगळं वेतन देण्याला बंदी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलं आहे. ते मागा, आणि त्यात पद काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा.

आता मोजायचं कसं. एका घटनेवरनं काही ठरवू नका, आणि एका साहेबाच्या तिरसटपणावरनं तर नाहीच. तो सगळ्यांनाच तसा बोलत असेल तर तो वाईट साहेब आहे, भेदभाव करणारा असेलच असं नाही. तुलनेला असा माणूस शोधा की ज्याचं पद, पाळी, अनुभव तुमच्यासारखाच आहे आणि फरक फक्त भाषेचा, जातीचा, लिंगाचा, धर्माचा किंवा वयाचा आहे. दहा वर्षं जुन्या माणसाशी तुलना केली तर पहिल्याच प्रश्नाला तक्रार पडते. चार ऑपरेटर आणि दर आठवड्याला रात्रपाळीला एकाची गरज असेल तर बारा आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला तीन रात्रपाळ्या यायला हव्यात. तुम्हाला चार आल्या तर तो योगायोग असू शकतो. सहा-सात आल्या आणि कुणाला एकही नाही, तर विचारायला आधार आहे. ओव्हरटाइमचंही तसंच. तो दुप्पट दराचा असतो, म्हणून कुणाच्या हजेरीत किती तास चढले, हा पैशाच्या वाटणीचाच प्रश्न असतो.

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, नेमकं काय झालं किंवा म्हटलं गेलं, आणि त्याच बाबतीत दुसऱ्याला काय मिळालं, एवढं लिहायचं. शब्द ज्या भाषेत आले त्याच भाषेत लिहा. कन्नड वाक्य असेल तर कानाला आलं तसं देवनागरीत उतरवा आणि खाली अर्थ लिहा. "अपमान केला" असं लिहिलेल्या नोंदीला किंमत नसते, म्हटलेल्या वाक्याला असते. नोंद त्याच दिवशी करायची. पान फाडू नका, खोडलं तर एक रेघ मारून खालचं वाचता येईल असं खोडा. सहा ते आठ आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. कधी कधी असंही दिसतं की आपला समज चुकीचा होता. ते कळणंही चांगलं, मनावरचं ओझं उतरतं.

यात लोक चुकतात कुठं? वही कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवतात, नोंदी कंपनीच्या फोनवर किंवा ईमेलवर ठेवतात आणि नोकरी गेली की नोंदीही जातात. मोबाइलला बंदी असलेल्या शॉपमध्ये पाळीपत्रकाचे फोटो काढतात आणि कारवाईला खरं कारण हातात देतात. पत्रक बघून हातानं उतरवून घ्या, तेवढ्यानं काम भागतं. ग्राहकाचं ड्रॉइंग, दुसऱ्याची पगाराची फाइल याला हात लावू नका. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कँटीनमध्ये आधी आवाज चढवणं. नंतर चौकशी होते ती त्या भांडणाची, मूळ वाटणीची नव्हे.

पहिलं विचारणं तोंडी, आणि आरोप न करता नियम विचारण्याच्या स्वरात असावं: "साहेब, रात्रपाळी लावायची पद्धत काय ठरली आहे? गेल्या बारा आठवड्यांत मला सात आल्या." चांगला वरिष्ठ इथंच सुधारतो, आणि असे वरिष्ठ आहेत. टाळाटाळ झाली तर आठवड्याभरात तेच एका पानावर लिहून द्या. आकडे, तारखा, मागणी. जात-भाषेचा आरोप पहिल्या पत्रात नसला तरी चालतो, आकडेच बोलतात. विचारल्यानंतर लगेच मेमो यायला लागले, आधी तोंडी सांगून सोडलेल्या चुका आता लेखी येऊ लागल्या, तर ती स्वतःच एक मोठी खूण आहे. त्या मेमोंना मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प बसणं म्हणजे कबुली धरली जाते.

कायद्याची बाजू सीमाभागातल्या मराठी माणसानं नीट समजून घ्यायला हवी, कारण इथं गैरसमज फार आहे. घटनेचं १५ वं आणि १६ वं कलम मुख्यतः सरकारला बांधतं, आणि त्यात भेदभावाच्या कारणांमध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहेत, भाषा नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ३५० ब कलमाखाली विशेष अधिकारी आहे, पण खाजगी कारखान्यातल्या पाळ्या तो बदलू शकत नाही. म्हणून "मराठी म्हणून अन्याय" एवढंच लिहिलेली तक्रार खाजगी नोकरीत हवेत राहते. तीच गोष्ट पाळी, पगार, पद, प्रशिक्षण यांच्या भाषेत लिहिली की तिला पाय मिळतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथांची यादी होती. गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही त्यातली एक, आणि ती २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आली आहे. भाषेवरनं होणाऱ्या वाटणीला हे वाक्य सगळ्यात नेमकं बसतं.

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असायला हवी, मालक आणि कामगार दोन्हीकडचे सारखे सदस्य असलेली. लैंगिक छळाच्या बाबतीत दहा किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, त्याहून लहान ठिकाणच्या किंवा थेट मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ही तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सरकारी नोकरीत असाल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं बदल्यांची, प्रशिक्षणाला पाठवलेल्यांची यादी मागवता येते, आणि उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं.

एक गोष्ट आपल्याच घरातली. बेळगावात मराठी मालकांचे, मराठी सुपरवायझरांचे कारखाने, वर्कशॉप, दुकानं काही कमी नाहीत. तिथं फेटलिंगला ओडिशाचा पोरगा, सफाईला ठरावीक वस्तीतली बाई आणि सेटिंगला आपल्या भावकीतला मुलगा असेल, तर वहीतले हेच रकाने तिथंही भरून पाहायला हवेत. हिंदीत घाईनं दिलेली सुरक्षेची सूचना त्या पोराला किती समजली, हे त्याच्याकडनं परत म्हणवून घेतल्याशिवाय कळत नाही. भाषेमुळे बाजूला पडण्याचं दुःख माहीत असलेल्या माणसाकडनं तेवढी अपेक्षा धरायला मला संकोच वाटत नाही.

पत्र देताना शक्यतो कन्नड किंवा इंग्रजीत द्या, कारण पुढं कामगार खात्यात ते तसंच वाचलं जाणार आहे. मराठी मसुदा स्वतःजवळ ठेवा आणि भाषांतर विश्वासू माणसाकडनं ओळ न् ओळ समजून घेऊन मगच सही करा. दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर घेणाऱ्याची सही, नाव, तारीख आणि शिक्का घ्या. नुसती आडवीतिडवी सही पुढं कुणाची हे सिद्ध होत नाही. पोच द्यायला नकार मिळाला तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टनं पाठवा, पावती वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा आणि पत्र पोचल्याचा तपशील ऑनलाइन पाहून त्याची छापील प्रत काढून ठेवा.